मोहोळाखालचं भरीत

माझ्या वडिलांनी मला रान शिकवलं ते दोरीच्या टोकाने. ते जंगल खात्यात रखवालदार होते, चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. चौकी म्हणजे एक खोली. आबा महिन्यातले निम्मे दिवस रानातच मुक्काम करायचे, आणि आई लहानपणीच गेल्यामुळे मलाही बरोबर न्यायचे. ताडपत्री बांधायची तर सरगाठ मारायची, म्हणजे घाईच्या वेळी एका झटक्यात सुटते. मी निरगाठ मारली की तीच दोरी माझ्या पोटऱ्यांवर बसायची. चुलीला ओढ्यातले दगड आणले तर पाठीत रट्टा, कारण पाणी प्यालेला दगड तापला की फुटतो आणि त्याची कपची डोळ्यात जाते. जळण उचललं की ते कानाजवळ धरून मोडायचं, कट्ट वाजलं तर घ्यायचं, नुसतं वाकलं तर टाकून द्यायचं. वाळूत झिरा उकरला की पहिलं पाणी उपसून फेकायचं, दुसऱ्यांदा साचेल ते प्यायचं. चूल पेटवण्याआधी मूठभर माती सोडून वारा कुठला ते बघायचं. यातलं एक जरी चुकलं तरी आबांचा हात उठायचा.

जागा निवडण्याचा त्यांचा एकच नियम होता. "पहिले वर देख, मंग खाले." खाली काटे, विंचू, मुंग्या असतात, ते माणसाला दिसतात. वर वाळलेली फांदी असते, मोहोळ असतं, तिकडे कुणाची नजर जात नाही.

हा नियम मी विसरू नये म्हणून त्यांनी मला एकदा एक बैल मरताना दाखवला. कुणा गाडीवानाने उंबराखाली बैल सोडले होते, त्यातला एक खोडाला निरगाठीने बांधलेला. वरचं आग्या मोहोळ कशाने तरी उठलं. गाडीवान पळाला, सुटा बैल पळाला, बांधलेला राहिला. आम्ही लांबच्या टेकाडावर होतो. आबांनी मला खाली बसवलं, त्यांची जाड घोंगडी दोघांच्या अंगावर घेतली, कडा गुडघ्यांखाली दाबल्या आणि मला एवढीशी फट ठेवून बघायला लावलं. बैल दोरीला हिसडे देत होता, डोकं खोडावर आपटत होता. नाकपुड्या काळ्या झाल्या होत्या माशांनी. तो कोसळला तरी पाय झाडतच होता. मी डोळे मिटले तेव्हा आबांनी माझ्या मानेला धरून डोकं पुन्हा फटीशी लावलं. त्यांना वाटायचं, असंच शिकतं माणूस. मला तेव्हा ते पटायचं.

मग माझं लग्न झालं आणि मी जळगावला पिंप्राळ्यात आले. नवरा जिनिंगमध्ये कापसाच्या वजनकाट्यावर होता. दिसायला उजवा, बाहेर बोलायला गोड. घरात मारायचा. वरणात मीठ जास्त झालं म्हणून मारायचा, मी माहेरच्या बोलीत बोलले म्हणून मारायचा, काट्यावर साहेबाने झापलं त्या दिवशी तर काही कारणच लागायचं नाही. सासूबाई तेव्हा दळण घेऊन बाहेर जायच्या. सासरे, त्यांना सगळे नाना म्हणत, रेडिओ मोठा करायचे. दुसऱ्या दिवशी मी पदर पुढे ओढून पाण्याला जायचे, आणि नळावरच्या बायका माझ्याकडे बघायच्याच नाहीत. मी मनाशी म्हणायचे, आबांचा मार कामाचा होता, हा बिनकामाचा आहे. पुढे कळलं, मार तो मारच. पण त्या वेळी मला एकच हवं होतं, या माणसाचा हात थांबायला हवा होता, कसाही.

आबा वारले तेव्हा त्यांची घोंगडी मी आणली. बाकी आणण्यासारखं काही नव्हतंच.

त्या सालच्या हिवाळ्यात, मोठा दुष्काळ पडायच्या आदल्या हिवाळ्यात, नवऱ्याच्या जिनिंगमधल्या मंडळींनी भरिताचा बेत काढला. आमच्याकडे थंडीत घराबाहेर पडायचं ते भरितासाठीच. दोन-तीन कुटुंबं, हिरवी वांगी, उडीद-ज्वारीच्या कळण्याच्या पिठाचा डबा, लाकडी बडगी, आणि शेतात पडलेल्या कपाशीच्या काड्या. काड्यांच्या जाळावर वांगी भाजून बडगीत मुसळाने ठेचलेलं भरीत ज्याने खाल्लं आहे त्याला घरातल्या चुलीवरचं गोड लागत नाही. नवऱ्याने मित्रांपुढे फुशारकी मारली की आपली सासुरवाडी सातपुड्याची, आपण तुम्हाला खऱ्या रानात नेतो, तिथेच मुक्काम करू. जिनिंगचा ट्रक मिळाला, एक ताडपत्री मिळाली. चालवायला त्यांच्यातलाच एक होता. मी निघताना घोंगडी घेतली तेव्हा नवरा हसला आणि म्हणाला की मेंढपाळीण शोभतेस.

ओढ्याकाठी पोचलो तेव्हा सकाळ सरत आली होती. जागा मोठी देखणी. वर चढलेलं ऊन, एक डोह, आणि काठावर थोरला उंबर, त्याची दाट सावली. सगळ्या बायाबापड्यांनी तिथेच पटकुरं टाकली. मी वर बघितलं. एका आडव्या फांदीच्या पोटाला काळं, परातीएवढं मोहोळ लटकत होतं, आणि त्याच्या अंगावरून शहारा सरकावा तशी हालचाल सरकत होती. मी नवऱ्याजवळ गेले, आवाज खाली ठेवला, म्हटलं इथे चूल नको, पलीकडच्या काठावर उघड्यावर मांडू, तिथे वाराही आपल्या बाजूचा आहे.

त्याला ते मित्रांदेखत नको होतं. मी एकांतात सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं असतं असं नाही. तो म्हणाला की माशा गेली कित्येक वर्षं तिथे आहेत, कुणाला खाल्लं नाही. मग त्याने मुद्दाम ओढ्यातले दगड उचलून आणले आणि उंबराखालीच चूल मांडली. मी ते दगड काढून बाजूला टाकायला वाकले. त्याने माझ्या कानाखाली अशी मारली की मी गुडघ्यांवर पडले आणि तोंडात रक्ताची चव आली. ती पहिलीच वेळ, की त्याने चारचौघांत हात उचलला. एका मित्राची बायको "अगंबाई" म्हणाली आणि कांद्याची पात निवडायला लागली. मित्र ओढ्याकडे बघत राहिले.

काड्या कुठल्या शेतातून आणल्या होत्या देव जाणे, निम्म्या ओल्या होत्या. कानाशी धरून मोडल्या असत्या तर एकही वाजली नसती. त्याने रॉकेल ओतलं आणि काडी लावली. धूर जो उठला तो पिवळा, जाड, सरळ वर. मी उठले, घोंगडी खांद्यावर घेतली, ताडपत्रीची दोरी मी स्वतःच बांधली होती ती एका झटक्यात सोडवून हातात घेतली, आणि बायकांना म्हटलं की ट्रकमध्ये जाऊन बसा, काचा लावा. त्यांना माझ्या आवाजात काय ऐकू आलं कोण जाणे, त्या उठल्या आणि चालू लागल्या. नवरा मागून शिव्या देत होता.

आधी दगड फुटला. बार उडावा तसा आवाज झाला आणि ट्रक चालवणाऱ्याच्या नडगीत कपची शिरली. तो ओरडत लंगडत पळाला. त्याच्या ओरडण्याने की धुराने, मोहोळ उठलं.

ज्यांनी ते बघितलं नाही त्यांना सांगून समजणार नाही. आधी आवाज येतो, आणि आवाज आला तेव्हा उशीर झालेला असतो. मित्र जीव खाऊन ट्रककडे पळाले. तेवढं बरोबर केलं त्यांनी, सरळ पळावं, वळू नये, हात झाडू नये. नवऱ्याने नेमकं ते सगळं केलं. तो जागच्या जागी नाचला, टोपीने माशा मारल्या. मेलेल्या माशीचा एक वास सुटतो, पिकलेल्या केळीच्या घडासारखा, गोड, आणि त्या वासावर बाकीच्या येतात. त्याच्या भोवती तो वास घमघमत होता. मग तो धावला आणि त्याने थेट डोहात उडी मारली.

पाण्यात शिरू नये. माणूस किती वेळ आत राहणार, आणि माशा वर थांबतात. तो डोकं वर काढायचा की त्या त्याच्या तोंडावर बसायच्या, तो किंचाळून पुन्हा बुडायचा, पाणी प्यायचा, वर यायचा. प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी वेळ वर राहायचा. मी घोंगडी डोक्यावरून घेऊन एका करवंदीच्या जाळीशी बसले होते, कडा गुडघ्यांखाली दाबून, फटीतून बघत. आबांनी शिकवलं होतं तसं.

मी लगेच उठले नाही. हे मी स्पष्टच लिहिते, कारण लोकांना वाटतं बायको म्हणजे धावतच जाणार. मी त्याला बुडताना बघत होते आणि माझ्या मनात आलं, हात थांबायचा हा एक रस्ता आहे. गालावर त्याची बोटं अजून जळत होती. मग तो वर आला आणि त्याने "माय वं" म्हणून हाक घातली, घरी सासूबाईंना घालायचा तशी, आणि माझे पाय उठले. माझं मन उठलं होतं असं मी म्हणणार नाही.

घोंगडी भिजली तर अंगाला चिकटते आणि नांगी आत येते, म्हणून मी पाण्यात उतरले नाही. काठावर वाकून दोरी फेकली. त्याने ती मनगटाला गुंडाळली आणि मी ओढली. दगडांवरून, काट्यांवरून, पोटावर घासत ओढली, केसांना धरून घोंगडीत घेतला आणि त्याचं तोंड मातीत दाबलं. माझ्या हातांना किती नांग्या लागल्या ते नंतर कळलं. बाहेरून घोंगडीवर माशा आपटत होत्या, ज्वारी पाखडताना सुपावर दाणे पडावेत तशा.

तो हलायला लागला. विव्हळत होता, लाथ झाडत होता, त्याचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. कड उचलली जात होती. मी त्याच्या दंडाला कडकडून चावले आणि त्याच्या कानात म्हटलं, "हालू नको." लग्न झाल्यापासून मी त्याला अहो-जाहोच करत होते. तो हलायचा थांबला.

आत अंधार होता, त्याच्या श्वासाचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. किती वेळ तसे पडलो होतो ते सांगता येणार नाही. आवाज थोडा विरळ झाला, पण गेला नव्हता. माझ्या मुठीत घोंगडीची कड होती. पुन्हा मला मारशील का, ते मी माहेरच्या बोलीत विचारलं, "परत मनावर हात उचलशी का?"

त्याने अंग आणखी आखडून घेतलं. त्याला वाटलं असेल की ही वेळ आहे का असलं विचारायची. माझ्या मते तीच वेळ होती. मी त्याच्या बाजूची कड वर केली, तळहाताएवढी. दोन-चार माशा आत आल्या आणि त्याच्या मानेला लागल्या. त्याचं सगळं अंग ताठ झालं. मी कड खाली दाबली, आतल्या माशा अंगठ्याने चिरडल्या आणि तेच पुन्हा विचारलं.

"नही," तो म्हणाला. "मायनी आन, नही."

मी कड उचलली त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

ऊन कलल्यावर माशा परतल्या. मी त्याला ट्रकपर्यंत ओढत नेला. नांग्या चिमटीने उपटू नयेत, चिमटीत विषाची पिशवी दाबली जाते. विळ्याच्या बोथट बाजूने खरवडून काढाव्यात. मी तशा काढत राहिले आणि तो चालवणारा मित्र जखमी पायानेच ट्रक हाकत राहिला. चोपड्याला डॉक्टरने सुया टोचल्या, सलाईन लावलं. जगेल म्हणाला. वांगी, बडगी, कळण्याचं पीठ, सगळं तिथेच राहिलं.

पिंप्राळ्यात त्याची बाज ओट्यावर टाकली, उजेडात. आमच्याकडे आजारी माणसाला बघायला यायची रीत आहे. कुणी नारळ आणतं, कुणी केळी, पायथ्याशी टेकतं, काय झालं, कसं झालं ते पहिल्यापासून ऐकतं आणि हळहळतं. माझ्या नवऱ्याचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं, डोळे नुसत्या चिरा. गल्लीच्या गल्ली लोटली. नळावरच्या त्याच बायका आल्या, हळद उगाळून घेऊन आल्या, आणि कळवळून म्हणाल्या की काय दशा केली मेल्या माशांनी. एक म्हातारी अक्का तर त्याचा सुजलेला डोळा बघून रडली. मग आडून आडून विषय माझ्यावर आला. रानातली पोरगी, हिनेच तिथे नेलं असेल. नवरा खालच्या आवाजात सांगायचा की माशा उठल्या तशी आपणच घोंगडी आणून हिच्या अंगावर टाकली, म्हणून ही वाचली. मी आत चहा गाळत ऐकायचे. आलेल्यांना कपबशी नेऊन द्यायचे. संताप असा यायचा की आत येऊन गाळणं बादलीत आपटायचे.

महिनाभरात तो कामावर गेला. शब्द पाळत होता, बघायचा मात्र असा की जणू मी त्याचं काही चोरलं आहे. संक्रांतीला ट्रक चालवणारा मित्र तिळगूळ घ्यायला आला. नवऱ्याने पुन्हा तीच घोंगडीची गोष्ट लावली. मित्र पायावरची खूण चोळत खाली बघत होता, त्याने ट्रकच्या काचेतून सगळं बघितलेलं होतं. मी तिळगुळाची ताटली ठेवली आणि म्हटलं, घोंगडी माझ्या आबांची होती, आणि दोरी मी टाकली होती. मित्र लगबगीने उठून गेला.

दार लागल्यावर नवऱ्याने मला मारलं. मुठीने, तोंडावर, बैलाला मारावं तसं. नानांनी रेडिओ मोठा केला.

तो दमला तेव्हा मी उठले. पदर पुढे ओढला नाही. ज्या बाजेवर तो सुजून पडला होता ती मी उचलली, ओट्यावर आणली, टाकली आणि तिच्यावर बसले, भर दुपारी, डोकं उघडं ठेवून. एक डोळा मिटलेला होता, ओठ फाटलेला होता, पोलक्यावर रक्त होतं. संक्रांतीचा दिवस, बायका वाण घेऊन गल्लीतून जात-येत होत्या. पहिली आली ती चुकवून जायला लागली. मी तिला नावाने हाक मारली आणि म्हटलं, बघायला ये ना. आजारी माणसाला बघायला येतेस ना, बस, काय झालं ते ऐक.

रीत अशी असते की बोलावल्यावर उठता येत नाही. ती बसली. मी पहिल्यापासून सांगितलं, मोहोळापासून, त्याच्याही आधीपासून. दुसरी आली, तिसरी आली. ज्या अक्का त्याच्या डोळ्यासाठी रडल्या होत्या त्या आल्या, आणि मी त्यांना माझा डोळा दाखवला. त्यांना कुठे बघावं ते कळेना. नवरा दारात उभा होता. त्याने मला आत यायला सांगितलं, आधी दरडावून, मग हळू. मी त्याच्याकडे मान वळवली नाही. गर्दीसमोर त्याला मला हात लावता येत नव्हता, आणि गर्दी जात नव्हती.

मग सासूबाई बाहेर आल्या. मला वाटलं, त्या मला केसांना धरून आत नेतील. त्यांच्या हातात हळदीची वाटी होती. त्यांना एकाच डोळ्याने दिसायचं, दुसरा पांढरा पडलेला होता. तो तरुणपणी बैलाचं शिंग लागून गेला, असं घरात सगळे सांगत, आणि गल्लीलाही तेच ठाऊक होतं. त्या माझ्याशेजारी बाजेवर बसल्या, माझी हनुवटी वर केली आणि ओठावर हळद लावली. मग त्या समोरच्या बायकांकडे वळून, आवाज न चढवता म्हणाल्या, "मना डोळाले बैल नही लागना. हाई माणूस लागना." आणि त्यांनी घराच्या आत हात केला.

आतला रेडिओ बंद झाला.

अक्कांनी पदराने सासूबाईंचं तोंड पुसलं. नवरा आईकडे बघत दाराची चौकट धरून उभा राहिला. ती गोष्ट त्यालाही शिंगाचीच सांगितलेली होती.

दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघी बाजेवरच होतो. चूल पेटली नाही. नानांना जेवायला कुणी हाक मारली नाही. शेवटी त्यांनी स्वतःच दुरडीतली शिळी भाकरी काढली आणि भिंतीकडे तोंड करून कोरडीच खाल्ली. नवऱ्याने तेल घातलं, कंदील पेटवला, आणि तो आमच्या पायाशी आणून ठेवला.